धुराड्याच्या पोटातला गिलावा

लाकडं पेटवली की पहिली दहा मिनिटं आमच्या दिवाणखान्यात सगळे डोळे चोळत बसायचे. गावाकडच्या चुलीपुढे बसावं तसं. आमचं घर पेनसिल्व्हेनियातलं, विटांचं, 1938 सालचं. घेतलं तेव्हा तपासणीला आलेल्या माणसाने फायरप्लेसमध्ये मान घालून "छान आहे" म्हटलं होतं. ती मान झडपेच्या वर गेलीच नव्हती, हे मला दोन हिवाळे गेल्यावर कळलं.

झडपेच्या, म्हणजे डॅम्परच्या वर आणि उभ्या नळीच्या, फ्ल्यूच्या खाली जी जागा असते तिला स्मोक चेंबर म्हणतात. उलटं ठेवलेलं नरसाळंच ते. रुंद फायरप्लेसमधला धूर गोळा करून अरुंद नळीत सोडायचा, हे त्याचं काम. जुन्या घरांत हे नरसाळं विटांचा एकेक थर थोडा आत सरकवत बांधलेलं असतं, त्यामुळे आतून उलटा जिना दिसतो. धूर या पायऱ्यांच्या खालच्या बाजूला आपटतो, घुटमळतो, थंड होतो आणि तिथेच काजळी आणि क्रिओसोट, म्हणजे लाकडाच्या धुराचं डांबर, धरतं. सांध्यांतला चुना झडला असेल तर गरम वायू विटांमधून भिंतीतल्या लाकडी चौकटीपर्यंत पोचू शकतात. धूर खोलीत येतो ही तक्रार त्यापुढे किरकोळच. यावर उपाय म्हणजे सांधे भरून या नरसाळ्याला आतून गुळगुळीत गिलावा करणं.

आधी बघून घ्या. राख पूर्ण थंड होऊन दोन-तीन दिवस गेलेले असू द्या. झडप उघडून मोबाइल आत घाला, फ्लॅश लावून व्हिडिओ काढा आणि पुढच्या भिंतीसाठी एक हातआरसा घ्या. पुढची भिंत, म्हणजे खोलीकडची, खालून दिसतच नाही आणि नेमकी तीच मॅन्टलच्या, म्हणजे फायरप्लेसभोवतीच्या चौकटीच्या, लाकडाला सर्वांत जवळ असते. आमच्याकडे तिथले चार सांधे इतके रिकामे होते की पेन्सिल अर्धी आत गेली.

आता हे काम स्वतः कुणी करू नये ते सांगते. काजळी काचेसारखी चकचकीत, कडक झालेली असेल, नळीच्या टाइल्स तडकलेल्या असतील, आधी कधी चिमणीत आग लागून गेली असेल किंवा विटा हाताने हलत असतील तर हातातली थापी खाली ठेवा आणि चिमणी दुरुस्त करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला बोलवा. चिमणीतली आग 1,100 अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते, तिथे हौस चालत नाही. भिंतीची जाडीही त्यालाच बघू द्या. इथल्या निवासी बांधकाम संहितेत या चेंबरच्या भरीव विटांच्या भिंती 8 इंच जाड लागतात, आतून आगविटांचं अस्तर असेल तर एकूण 6 इंच. परमिट लागतं का, हे गावाच्या बांधकाम खात्यात फोन करून विचारा.

मी पहिल्या प्रयत्नात केलेली चूक अशी: दुकानातून साधं सिमेंट-वाळूचं तयार मिश्रण आणलं आणि सांधे भरले. ऑक्टोबरात काम झालं, जानेवारीत झडपेवर टपटप तुकडे पडायला लागले, झडप अर्धवट उघडी अडकली. पोर्टलँड सिमेंट या तापमानाला टिकत नाही. डबीतलं काळं फर्नेस सिमेंटही नको. ते बारीक चिरांसाठी ठीक, पण अशी बरीचशी सिमेंटं सोडियम सिलिकेट या चिकट द्रव्याने धरलेली असतात आणि ओल लागली की सुटतात. हवं ते स्मोक चेंबरसाठीच विकलं जाणारं, पाण्याने धरणारं, उष्णता अडवणारं रिफ्रॅक्टरी मॉर्टर. पिशवी महाग वाटते. घ्या.

त्याही आधी पाणी थांबवा. वरची टोपी, चिमणीच्या माथ्यावरचा सिमेंटचा थर, छताला भिडते तिथला पत्रा, यांतून गळत असेल तर आतला गिलावा कितीही चांगला असो, सुटणारच.

मग घाण काम. घरातली हीटिंगची हवा बंद, खोलीला प्लास्टिक, डोळ्यांना बंद गॉगल, तोंडाला धुळीचा चांगला रेस्पिरेटर. साधा कापडी मास्क नाही, कारण काजळीबरोबर विटांतल्या सिलिकाची बारीक धूळ उडते. झडपेची पाटी बहुधा एका पिनवर किंवा दांड्यावर टेकलेली असते. काढायच्या आधी तिचा फोटो घ्या. आमच्या ह्यांनी फोटो न काढता उपसली आणि ती परत बसवण्यात एक अख्खा रविवार गेला. तारेच्या ब्रशने वीट दिसेपर्यंत घासा, सुटा चुना उकरून काढा, झडपेमागच्या कट्ट्यावर पुठ्ठा आणि प्लास्टिक अंथरा. पडलेला माल तिथेच वाळला तर तो काढणं म्हणजे शिक्षा.

विटा पाण्याने फवारून ओल्या करा. ओघळ नको, नुसत्या दमट. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि गिलावा पापडासारखा सुटतो. माल पिशवीवरच्या प्रमाणात, पण घट्ट कालवा. हा सगळा छताचा गिलावा आहे, पातळ झाला की कोपरापर्यंत घरंगळतो. झडपेच्या फटीतून डोकं जात नाही, खांद्यापर्यंत हात जातो, म्हणून थापीपेक्षा रबरी हातमोज्यातली बोटं जास्त कामाची. आधी पायऱ्यांचे कोपरे दाबून भरा, ते थोडे आवळू द्या, मग वरून सलग थर द्या. कमीत कमी अर्धा इंच, पण पिशवीवर जास्त लिहिलं असेल तर तेच खरं. शेवटी ओल्या स्पंजने गुळगुळीत करा, म्हणजे हात फिरवल्यावर एकही पायरी लागता कामा नये. झडप जिथे फिरते तिथे माल चढवू नका.

जिथे हात पोचलाच नाही तिथे? आमच्या डाव्या कोपऱ्यात तेच झालं. तेवढ्यासाठी मी माणूस बोलावला. त्याने पंपाने फवारून वीस मिनिटांत भरलं, आणि माझं काम बघून "हाताने केलंत?" एवढंच विचारलं.

थंडी पडायच्या आत हे उरका. ओला माल गोठला तर तो गेलाच. वाळायला पिशवीवरचे दिवस पूर्ण द्या, मग पहिली आग दोन-चार काटक्यांची, दुसरी जराशी मोठी. एकदम ओंडके टाकलेत तर आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन गिलावा फुटतो. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, तेही पाहा.

आधीचे आणि नंतरचे फोटो तारीख घालून घराच्या कागदांत ठेवा. घर विकायला काढलं की चिमणीत कॅमेरा चढवून तपासणी होऊ शकते, आणि तेव्हा आत कोणता माल आहे हे विचारतात. मी रिकामी पिशवीसुद्धा घडी करून ठेवली आहे.