ब्लू रॅम (टाकीत पाळायचा छोटा शोभेचा मासा) काळवंडून हीटरमागे बसतो? माझा अनुभव (सोलापूर, बोअरचं पाणी)

पंख मिटलेले, दाणा तोंडात घेऊन थुंकायचा. त्याच टाकीतले कोरी (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) मात्र मजेत. मीठ, औषध, भारीतलं फूड, सगळं करून डोकं उठलं. मीटर बुडवला: टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ९००! टाकीत पैदास झालेला असला तरी हा ओरिनोको खोऱ्यातला, मऊ पाण्याचा मासा.

आधी दांडगट टायगर बार्ब हलवले. मग बादलीत तीन मग आरओ, एक मग बोअर (आरओच्या वेस्ट पाइपचं नको, त्यात क्षार जास्तच), टाकीइतकं कोमट. दर तिसऱ्या दिवशी दहाच टक्के बदल, टीडीएस ३०० होईपर्यंत. घाई केली तर मासा शॉकने जातो. तापमान २८; आपल्याकडे उन्हाळ्यात हीटर बंदच. टीडीएस ४०० च्या आसपास आला आणि पठ्ठ्या आर्टेमियावर (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाद्य) तुटून पडला.