नाशिकमधील नवे हॉटेल किंवा कॅफे कसे पारखावे

गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा या भागांत अलीकडे इतकी नवी हॉटेले आणि कॅफे सुरू झाली आहेत, की महिनाभर बाहेरगावी राहून परतलेल्या नाशिककराला ओळखीच्या कोपऱ्यावर अनोळखी पाटी दिसते. त्यांतील काही वर्षभरातच बंद पडतात. बंद पडणाऱ्यांमध्ये मनापासून स्वयंपाक करणारी माणसेही असतात, आणि पहिल्या पंधरवड्यात आलेल्या गिऱ्हाइकांनी एकाच भेटीत नाक मुरडल्याचा फटका त्यांना बसलेला असतो, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून माझा आग्रह असा आहे, की नव्या ठिकाणी किमान दोनदा जावे, दोन्ही वेळा एक साधा पदार्थ लक्षपूर्वक खावा आणि त्यानंतरच मत बनवावे.

पहिली भेट उद्घाटनाच्या आठवड्यात ठेवू नये. त्या दिवसांत स्वयंपाकघरातील माणसांना एकमेकांच्या हाताची सवय झालेली नसते, वाढपी टेबलांचे क्रमांक विसरतात आणि मालकाचे अर्धे लक्ष शुभेच्छा द्यायला आलेल्या पाहुण्यांकडे असते. साधारण तीन-चार आठवडे गेले म्हणजे पुरवठादार ठरतात, मेनूतील न खपणारे पदार्थ गळून पडतात आणि चव स्थिरावू लागते. वारही विचार करून निवडावा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून आलेल्या पर्यटकांची गर्दी असते. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी साडेबारा ते दीडच्या दरम्यान गेल्यास स्वयंपाकी ताजा असतो, वाढप्याला दोन शब्द बोलायला वेळ असतो आणि कॉलेज रोडवर गाडी लावायला जागाही मिळते. मिसळ मात्र सकाळीच खावी. अकरा वाजल्यानंतर रस्सा पुन्हा पुन्हा उकळून आटलेला असतो किंवा पाणी घालून वाढवलेला असतो, आणि या दोन्हींमुळे नव्या हॉटेलाबद्दल चुकीचे मत होते.

जाण्यापूर्वी मोबाईलवरील अभिप्राय अवश्य वाचावेत, पण ताऱ्यांची सरासरी बाजूला ठेवून तारखा पाहाव्यात. उद्घाटनाच्या आठवड्यातील पाच ताऱ्यांचे अभिप्राय बहुधा मित्रमंडळींचे असतात, तर एक ताऱ्याचे अनेक अभिप्राय पार्किंगवरून झालेल्या वादाचे असतात. तीन तारे देणारा माणूस सहसा काय आवडले आणि काय नाही हे दोन्ही लिहितो, त्यामुळे मी आधी तेच वाचतो. गिऱ्हाइकांनी काढलेल्या छायाचित्रांत मेनूकार्डाचे छायाचित्र शोधावे. त्यावरून दर कळतात आणि हॉटेलाची वृत्तीही कळते. एकाच कार्डावर पंजाबी, चायनीज, इटालियन, दाक्षिणात्य आणि मालवणी असे सारे असेल, तर त्यातील बहुतेक ग्रेव्ह्या दोन-तीन पातेल्यांतूनच निघणार, हे गृहीत धरावे.

साध्या पदार्थाची कसोटी

प्रत्येक प्रकारच्या हॉटेलात असा एक साधा पदार्थ असतो, ज्यात काहीही लपवता येत नाही. दाक्षिणात्य हॉटेलात इडली आणि सांबार, पंजाबी हॉटेलात दाल फ्राय आणि तंदुरी रोटी, पिझ्झाच्या ठिकाणी फक्त टोमॅटो, चीज आणि बेसिलची (तुळशीच्या जातीतील झाडाची) पाने असलेला मार्गरिटा, आणि थाळीच्या हॉटेलात आमटी आणि पोळी मागवावी. पहिल्या भेटीत ‘खास’ म्हणून सांगितला जाणारा, क्रीम आणि सजावटीने मढवलेला पदार्थ मागवू नये. तो चांगला लागला तरी स्वयंपाक्याच्या हाताविषयी त्यातून फारसे कळत नाही. चौघांनी मिळून जावे, दोन साधे आणि एक हॉटेलाच्या आवडीचा असे तीन पदार्थ मागवावेत आणि वाटून खावेत. ‘दादा, इथे रोज येणारी माणसे काय खातात?’ हा प्रश्न ‘इथली खासियत काय?’ यापेक्षा नेहमीच अधिक उपयोगी पडतो.

नाशिकमध्ये ही कसोटी सर्वांत जास्त लागते ती मिसळीला, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. नवे मिसळ केंद्र पारखण्यापूर्वी जिभेला एक मोजमाप हवे. त्यासाठी बारदान फाट्याजवळच्या ‘साधना’ हॉटेलाची चुलीवरची मिसळ किंवा सातपूरच्या श्यामसुंदरची मिसळ आधी खाल्लेली असावी. ताट समोर आले, की लगेच शेव, कांदा, लिंबू सारे एकत्र कालवू नये. प्रथम वाटीतील रस्सा नुसता चमच्याने घ्यावा. तर्री बाजूला सारून खालचा रस्सा चाखला आणि तो पाणचट लागला, तर लाल तेलाने केवळ डोळ्यांची फसवणूक केली आहे असे समजावे. काळ्या मसाल्याचा रस्सा असेल, तर घास गिळल्यानंतर घशाशी काय उरते याकडे लक्ष द्यावे. कांदा-खोबरे नीट भाजले असेल तर हलका गोडसर खमंगपणा उरतो, खोबरे करपले असेल तर कडवटपणा उरतो आणि तो दह्यानेही जात नाही. मग मटकीचा एक दाणा बोटांत दाबून पाहावा. तो मऊ दबला पाहिजे, पण त्याचा मोड शाबूत असला पाहिजे. शेवटची परीक्षा दुसऱ्या वाटीची. आपल्याकडे रस्सा पुन्हा वाढण्याची चांगली रीत आहे, आणि दुसऱ्यांदा आलेला रस्सा पहिल्यासारखाच दाट आणि तितकाच गरम असेल, तर ते हॉटेल मन लावून चालवले जात आहे हे खात्रीने सांगता येते.

खानदेशी जेवणाच्या नव्या हॉटेलांनाही असाच एक नियम लावता येतो. धुळे-जळगावकडची असंख्य कुटुंबे नाशिकमध्ये स्थायिक झालेली असल्याने इथे शेवभाजी आणि भरीत जाणणारे गिऱ्हाईक भरपूर आहे. शेवभाजीत जाड तिखट शेव वाढण्याच्या क्षणी पडली पाहिजे. ती विरघळून रस्सा पिठूळ झाला असेल, तर भाजी आधीच करून ठेवलेली आहे. भरीत हिवाळ्यात खावे, कारण त्यासाठी लागणारी मोठी हिरवी वांगी तेव्हाच चांगली मिळतात, आणि त्यात भाजल्याचा धुरकट वास आला नाही तर वांगी गॅसवर घाईने उरकलेली आहेत असे मानावे. कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी मागवून पाहावी. ती चांगली जमली असेल, तर गरम असताना तुकडा मोडल्यावर कडा चिरफळत नाहीत आणि पोटाकडचा भाग ओलसर नसतो.

कॅफेच्या बाबतीत बहुतेकजण सजावट आणि केक पाहून मत देतात. माझी विनंती आहे, की पहिल्या वेळी बिनसाखरेची, बिनदुधाची कॉफी मागवावी. दुधात आणि साखरेत कॉफीचे दोष सहज बुडून जातात. काळी कॉफी तोंड वाकडे होईल इतकी आंबट लागली, तर पाणी पावडरीतून फार लवकर निघून गेले आहे. जिभेवर राखेसारखा कोरडा कडवटपणा राहिला, तर ती जास्त वेळ उतरवली आहे किंवा बियाच जास्त भाजलेल्या आहेत. काउंटरवर कॉफीची पिशवी दिसत असेल तर तिच्यावर भाजणीची तारीख छापलेली आहे का, हे विचारायला संकोच करू नये. कॉफीवर प्रेम असलेला माणूस अशा प्रश्नाने खूश होतो आणि चिकमंगळूर की कूर्ग हे न विचारताच सांगू लागतो. कॅपुचिनो घेतल्यास फेसातील बुडबुडे पाहावेत. साबणाच्या फेसासारखे मोठे बुडबुडे असतील, तर दूध नीट वाफवलेले नाही.

जुन्या नाशकात आणि द्राक्षांच्या रस्त्यावर

नवे म्हणजे केवळ नवी पाटी असे नाही. आपण आजवर कधी न गेलेले जुने ठिकाणही आपल्यापुरते नवेच असते. मेन रोडच्या परिसरातील सायंताराचा साबुदाणा वडा, बुधा हलवाई यांची जिलेबी किंवा उलटा वडापाव यांची केवळ नावे ऐकून असलेले अनेक नाशिककर आहेत. या भागात चारचाकी नेऊ नये. दुचाकी गोदाकाठाजवळ किंवा शालिमारच्या बाजूला लावून पायी फिरावे आणि एका फेरीत दोनच ठिकाणे ठरवावीत, कारण तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत भूक संपलेली असते आणि मग त्या दुकानावर अन्याय होतो. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवशी पंचवटी आणि रामकुंडाच्या बाजूला खाण्यासाठी जाण्याचा बेत करू नये.

गंगापूर धरणाच्या दिशेला सुलासह अनेक वाइनरी आहेत आणि त्यांना जोडून रेस्टॉरंटही आहेत. साधारण जानेवारी ते मार्च हा द्राक्षांच्या काढणीचा काळ असल्याने बागा पाहायच्या असतील तर तेव्हाच जावे, पण मधल्या वारी आणि आधी फोन करून. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण असावे लागते आणि ड्राय डेला ती मिळत नाही, हे पाहुण्यांना घेऊन निघण्यापूर्वी तपासावे. परतीचा रस्ता रात्री अंधाराचा आहे. गाडी चालवणाऱ्याने काहीही न पिता असावे, यात तडजोड नको.

स्वच्छता आणि बिल

स्वच्छतेसाठी स्वयंपाकघरात डोकावणे नेहमी शक्य नसते, तरी काही खुणा बसल्या जागी दिसतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) परवान्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणेही बंधनकारक आहे. तळणाचा वास बाहेरपर्यंत येत असेल, वड्याच्या कडा काळपट असतील आणि खाल्ल्यावर टाळूला चिकट थर जाणवत असेल, तर तेल पुन्हा पुन्हा वापरलेले आहे. वापरलेल्या तेलातील टोटल पोलर कंपाउंडचे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापल्याने वाढणाऱ्या घटकांचे, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरण्यास कायद्याने मनाई आहे. ते मोजण्याचे यंत्र आपल्याकडे नसले तरी जीभ बरेच काही सांगते. बुफेमध्ये गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवेत, म्हणून ज्या भांड्यातून वाफ येत नाही त्यातील भात आणि पनीर टाळावे.

बिल टेबलावरच वाचावे. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के असतो आणि तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) असलेले छोटे हॉटेल गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेऊ शकत नाही. सेवा शुल्काबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. हॉटेलाने हे शुल्क आपोआप बिलात घालू नये, असे त्या सांगतात. मला स्वतःला एका नव्या रेस्टॉरंटमध्ये दहा टक्क्यांची अशी ओळ दिसली. मी व्यवस्थापकांना शांतपणे ‘हे काढून द्याल का?’ असे विचारले, त्यांनी दोन मिनिटांत बिल बदलून दिले आणि मी तेवढीच रक्कम वाढप्याच्या हातात दिली. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पदार्थाबद्दलची तक्रार मात्र दोन घास खाल्ल्यावर लगेच सांगावी. ताट रिकामे करून केलेल्या तक्रारीला कोणीही न्याय देऊ शकत नाही.

वही आणि दुसरी भेट

त्याच रात्री नोंद करावी. तारीख, वार, पदार्थ, दर, पदार्थ यायला लागलेली मिनिटे आणि एक खटकलेली गोष्ट, एवढे पुरते. ‘छान’ किंवा ‘बेकार’ हे शब्द वहीत लिहू नयेत, कारण सहा महिन्यांनी त्यांचा अर्थ आपल्यालाच लागत नाही. दुसरी भेट महिन्याभराने, वेगळ्या वारी आणि वेगळ्या वेळी ठेवावी आणि पहिल्या भेटीतील तोच साधा पदार्थ पुन्हा मागवावा. सार्वजनिक अभिप्राय लिहायचा असेल तर तो या दुसऱ्या भेटीनंतरच लिहावा आणि त्यात दोन्ही भेटींच्या तारखा द्याव्यात.

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीतील कॅफेबद्दल माझ्या वहीत पहिली नोंद अशी होती: ‘बुधवार, सायंकाळी ६, काळी कॉफी, आंबट, कोमट, १४ मिनिटे.’ मी ती कॉफी परत केली नव्हती, पण काउंटरवरील मुलीला ती कशी लागली हे स्पष्ट सांगितले होते. पाच आठवड्यांनी रविवारी सकाळी गेलो, तेव्हा तिने मला ओळखले, दळणी आता अधिक बारीक ठेवतो असे सांगितले आणि कप आधी गरम पाण्याने विसळून घेतला. कॉफी सहा मिनिटांत आली. तिच्यात भाजलेल्या शेंगदाण्यासारखा गोडवा होता आणि शेवटचा घोटही गरम होता. पहिल्या नोंदीखाली मी दुसरी तारीख घातली आणि पुढच्या रविवारी आईला तिथे घेऊन गेलो.