वाद्याचा प्रकार ओळखून त्याची निगा कशी राखावी

खानदेशातील अनेक गावांत भजनी मंडळाची सगळी वाद्ये मंदिरातील एकाच कपाटात ठेवलेली असतात आणि पखवाज, पेटी, टाळ, तुणतुणे यांची निगाही एकाच पद्धतीने राखली जाते. वास्तविक जळगाव-भुसावळचा वैशाखातील उन्हाळा आणि श्रावणातील दमट हवा प्रत्येक वाद्याला वेगळ्या रीतीने बाधते आणि ती कशी बाधेल हे वाद्याच्या प्रकारावरून कळते. म्हणून प्रथम प्रकार ओळखावा.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात २८व्या अध्यायात तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे वाद्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या संगीतशास्त्रज्ञांनी १९१४ साली मांडलेले वर्गीकरणही मुळात नाद निर्माण होताना काय कंप पावते, याच प्रश्नावर आधारलेले आहे. तार कंप पावत असेल तर वाद्य तत, ताणलेले कातडे असेल तर अवनद्ध, वाद्याचे अंगच असेल तर घन आणि फुंकीची किंवा भात्याची हवा असेल तर सुषिर. तुणतुण्याच्या तळाला कातडे असते, तरी ते केवळ तारेचा नाद मोठा करते. त्यामुळे तुणतुणे तत वाद्यच ठरते. पेटीत पितळी पट्ट्या कंप पावत असल्या तरी त्यांना हलवणारी हवाच असल्याने ती सुषिर वाद्यांत, म्हणजे सनईच्या आणि आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात वाजणाऱ्या पावरीच्या पंक्तीत बसते.

सर्वांत अधिक काळजी अवनद्ध वाद्यांची घ्यावी लागते. कोरड्या उन्हात कातडे आवळते व स्वर चढतो, तर दमट हवेत ते सैल पडून स्वर उतरतो. मुक्ताईची पालखी ज्येष्ठात मुक्ताईनगरहून निघते आणि पंढरीच्या वाटेवर पावसात सापडते, तेव्हा दिंडीतील पखवाजाला ही दोन्ही टोके सोसावी लागतात. वाजवण्यापूर्वी पेटीचा षड्ज (सा) धरून शाईच्या पुडीवर, म्हणजे काळा गोल लेप असलेल्या तोंडाच्या कातड्यावर, काठाकाठाने बोट मारत प्रत्येक घराचा, म्हणजे काठाच्या प्रत्येक भागाचा, स्वर ऐकावा. फरक मोठा असेल तर वाद्यांखाली (कातडी पट्ट्यांखाली) बसवलेले लाकडी गठ्ठे खोडाच्या फुगीर भागाकडे सरकवून स्वर चढवावा, थोडा असेल तर पुडीच्या काठाला विणलेल्या गजऱ्यावर हातोडीने हलकेच ठोकावे: पुडीच्या बाजूने ठोकल्यास स्वर चढतो, उलट बाजूने ठोकल्यास उतरतो. एकच घर मिळवून थांबू नये. समोरासमोरची घरे जोडीने मिळवावीत, नाहीतर पुडी एका अंगाला ओढली जाते. धुमेवर, म्हणजे दुसऱ्या तोंडाच्या पुडीवर, लावलेली कणीक भजन संपताच खरवडून पुडी कोरड्या फडक्याने पुसावी. कणीक तशीच राहिली तर ती वाळून कातड्याला चिरा पडतात, शिवाय उंदरांना आयते निमंत्रण मिळते. उन्हाळ्यात पखवाज बरेच दिवस वाजणार नसेल तर गठ्ठे सैल करून ठेवावेत. पत्र्याच्या खोलीत तर तो ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे.

पेटीचा भाता वाजवून झाल्यावर बंद करावा आणि आतील पितळी पट्ट्यांना तेल कधीही लावू नये, कारण तेलावर धूळ धरते आणि सूर बसतो. पट्टी घासून सूर लावण्याचे काम कारागिरावरच सोपवावे. तुणतुण्याची तार घाम पुसून कोरडी ठेवावी व वाजवणे संपल्यावर थोडी उतरवावी.

टाळाचा स्वर मात्र नंतर बदलता येत नाही, त्यामुळे निवड दुकानातच करावी. दोन्ही टाळ दोरीने अधांतरी धरून कडेला कड हळूच लावावी. नाद लांबवर टिकला आणि दोन्हींचा स्वर जुळला तरच जोडी घ्यावी, नाद मध्येच खरखरला तर धातूत चीर आहे असे समजून ती परत ठेवावी.