प्लाझ्माचं मशीन घेताय? आधी एवढं विचारा

"मॅडम, ते प्लाझ्माचं मशीन आलंय म्हणे, त्याचं कोटेशन पाठवून द्या." मिरजेतल्या एका सर्जन सरांचा फोन. मी विचारलं, "सर, कुठला प्लाझ्मा?" पलीकडे जरा शांतता. मग, "म्हणजे काय? प्लाझ्मा म्हणजे प्लाझ्मा."

पैसे बुडायला सुरुवात होते ती इथंच. सांगली-मिरज पट्ट्यात मी अठरा वर्षं हॉस्पिटलची मशिनं दुरुस्त करते, त्यातली शेवटची काही वर्षं विकतेही. सरांना फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथं सलग लिहिते. तुमचं वीस-तीस खाटांचं हॉस्पिटल असेल, किंवा अशा मशीनची डीलरशिप घ्यायचा विचार असेल, तर उपयोगी पडेल.

पहिलं काम, नाव नक्की करा. कोविडमध्ये ज्याच्यासाठी लोक धावत होते तो रक्तातला प्लाझ्मा. त्याचा इथं काही संबंध नाही. हा प्लाझ्मा म्हणजे विजेच्या जोरावर इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. आभाळातली वीज तीच, जुन्या ट्यूबलाइटच्या पोटातही तोच. अर्विंग लँगमुर या शास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये त्याला हे नाव दिलं आणि तेव्हापासून रक्तवाल्यांचा आणि वीजवाल्यांचा गोंधळ सुरू आहे. हॉस्पिटलात हा चार रूपांत भेटतो: अवजारं निर्जंतुक करणारा प्लाझ्मा स्टरलायझर, एंडोस्कोपीत रक्तस्राव थांबवणारा आर्गॉन प्लाझ्मा, कान-नाक-घसावाले टॉन्सिल काढायला वापरतात ते कोब्लेशन, आणि सध्या ज्याचा गाजावाजा आहे तो जखमेवरचा थंड प्लाझ्मा. पाचवं रूप पार्लरमध्ये. ते 'प्लाझ्मा पेन' त्वचेवर बारीक ठिणग्या पाडून चटके देतं, त्याचा जखम भरण्याशी काही संबंध नाही. सरांना कुणीतरी कॉन्फरन्समध्ये चौथं दाखवलं होतं, पण त्यांच्या पर्चेसच्या माणसानं कोटेशन मागवलं होतं पहिल्याचं.

थंड प्लाझ्माकडे वळण्याआधी स्टरलायझरची माझी फजिती ऐका, कारण या धंद्याची सगळी चाल त्यात दिसते. मी विकलेला पहिला प्लाझ्मा स्टरलायझर एका दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या हॉस्पिटलला दिला. मशीन झकास. आत व्हॅक्यूम करतं, हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडतं, मग वीज देऊन प्लाझ्मा पेटवतं. जंतू मारण्याचं मुख्य काम वाफेचं, प्लाझ्मा मागाहून उरलेल्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतो. ही सगळी सायकल पन्नासेक अंश तापमानात, तासाभराच्या आतबाहेर. ईटीओमध्ये, म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायूच्या मशीनमध्ये, टाकलेलं सामान हवा खात तासन् तास पडून राहतं, त्यापुढे ही चैनच.

चौथ्या दिवशी ओटीतून फोन. "मॅडम, तुमचं मशीन सारखं सायकल कॅन्सल करतंय. केस टेबलवर आहे." गेले तर सिस्टर टेलिस्कोप धुऊन, वरवर पुसून, थेट ट्रेमध्ये ठेवत होत्या. खाली मऊ लागावं म्हणून गॉजची घडी. ओलावा असला की व्हॅक्यूम धरत नाही, आणि कापूस, कागद, कापड पेरॉक्साइड पिऊन टाकतं. वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये वीस वर्षं चाललेली सवय इथं गुन्हा ठरते, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. ट्रेनिंग दिलं होतं मालक डॉक्टरांना, एसीत बसून. मशीन चालवणार होत्या सिस्टर. प्रत्येक कॅन्सल झालेल्या सायकलबरोबर कॅसेटमधली पेरॉक्साइडची एक मात्रा वाया जात होती, आणि तिचे पैसे मालकांच्या खिशातून.

तेव्हा कोटेशनमध्ये मशीनच्या किमतीकडे शेवटी बघा. आधी विचारा: एका सायकलला कॅसेट, टायवेक पाऊच (कागदाऐवजी लागणारी खास प्लास्टिकच्या धाग्यांची पिशवी), इंडिकेटर (सायकल नीट झाली का ते दाखवणारी पट्टी) मिळून खर्च किती? कॅसेट दुसऱ्या कुणाची चालते का? उघडल्यावर किती दिवस टिकते? 'स्टेराड' हे या जातीचं गाजलेलं मशीन अमेरिकेत १९९३ पासून मान्यता घेऊन आहे. ते बनवणारी एएसपी ही कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनने २०१९ मध्ये फोर्टिव्हला २७० कोटी डॉलरच्या आसपास विकली. एवढी किंमत केवळ पेट्यांना येत नाही. एकदा पेटी बसली की कॅसेट वर्षानुवर्षं खपत राहते, ती त्याची किंमत.

आता सरांचा थंड प्लाझ्मा. यात दोन घराणी आहेत. एकात पेनासारख्या दांडीतून आर्गॉन वायू येतो आणि टोकाला निळसर जांभळी ज्योत दिसते. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या प्लाझ्मा संस्थेतून निघालेलं 'किनपेन मेड' या घराण्यातलं. दुसऱ्यात वायूची टाकी नाही. इन्सुलेशन चढवलेला इलेक्ट्रोड त्वचेच्या अगदी जवळ धरतात आणि मधल्या हवेचाच प्लाझ्मा होतो. 'प्लाझ्माडर्म' त्या जातीचं. दोघांनाही २०१३ मध्ये सीई, म्हणजे युरोपात विकायची मान्यता, मिळाली. दोन्हीत ऑक्सिजन-नायट्रोजनचे चटपटे रेणू तयार होतात, थोडं अतिनील आणि थोडं विद्युतक्षेत्र असतं, आणि ते सगळं मिळून जखमेवर काम करतं.

डेमोला येणारा माणूस आधी ज्योत स्वतःच्या बोटावरून फिरवेल. मग एक पेट्री डिश काढेल, त्यात जंतूंच्या थरात स्वच्छ गोल भोक पडलेलं असेल. दोन्ही खरं आहे, दोन्हीला भुलू नका. डिशमधले जंतू सपाट पसरलेले असतात. तुमच्या पेशंटच्या टाचेखालच्या जखमेत स्लफ (मेलेल्या मांसाचा चिकट थर) आहे, पू आहे, आणि त्याखाली रक्त पोचत नाही. जर्मनीतच पायाच्या जखमा असलेल्या ४५ मधुमेही रुग्णांवर झालेली चाचणी २०२० मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये आली. निम्म्या जखमांना नेहमीच्या उपचारावर खरा प्लाझ्मा, निम्म्यांना लुटुपुटूचा. प्लाझ्मावाल्या जखमा जास्त आणि लवकर आकसल्या. पण संसर्ग आणि जंतूंचा भार यांत दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे डेमोत जंतू मारून दाखवतात आणि चाचणीत फायदा निघतो जखम आकसण्यात! मला तरी हे वाचून मशीनबद्दलचा आदर वाढला आणि डिशबद्दलचा कमी झाला. डिब्रायडमेंट (मेलेलं मांस कापून काढणं), पायावरचा भार काढणं, साखर, रक्तपुरवठा, यांतलं काहीही हे मशीन वाचवत नाही. "प्लाझ्मा लावला की अँटिबायोटिक नको" असं कुणी म्हणालं, तर चहा पाजून पाठवून द्या.

डेमोवाल्याला विचारायचं ते असं. डीआयएन स्पेक ९१३१५ प्रमाणे तपासणीचा रिपोर्ट आहे का? २०१४ चा हा जर्मन दस्तऐवज वैद्यकीय प्लाझ्मासाठीच आहे. त्यात तापमान, अतिनील, बाहेर पडणारे वायू, पेशंटमधून जाणारा विद्युतप्रवाह, जंतूंवरचा परिणाम, सगळं मोजायला सांगितलंय. 'हो मॅडम, सगळं आहे' हे उत्तर धरायचं नाही, कागद हातात घ्यायचा. मशीन दहा मिनिटं चालवून खोलीचा वास घ्या. झेरॉक्सच्या बंद दुकानासारखा वास आला की ओझोन आलाच. तुमची ड्रेसिंगची खोली खिडकी नसलेली कोंदट असेल तर आधी एक्झॉस्ट बसवा.

आर्गॉनवालं घेणार असाल तर हिशेब कागदावर करून बघा. मी सरांना केला तो असा: जखम ४ बाय ५ सेंटिमीटर, म्हणजे २० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ३० सेकंद धरले तर १० मिनिटं. वायू मिनिटाला ५ लिटर, म्हणजे एका बैठकीला ५० लिटर. जंबो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर. कागदावर १४० बैठका, गळती आणि विसरून चालू राहिलेला नॉब धरून त्याहून कमीच. वायूचा खर्च मोठा नाही हे यातून कळलं. मोठा खर्च १० मिनिटांचा: ती दांडी हातात धरून कोण बसणार? तुमच्या ड्रेसिंगच्या सिस्टरकडे सकाळी पंधरा पेशंट असतात. शिवाय एकदाच वापरायचे स्पेसर (दांडी जखमेपासून ठरावीक अंतरावर ठेवणारं टोक) किंवा पॅड किती लागतात, ते कुठून येतात आणि सांगलीला पोचायला किती दिवस, हे लेखी घ्या. वायूची शुद्धता कंपनी किती मागते तेही लेखी घ्या. वेल्डिंगवाल्याकडचा सिलिंडर आणून जोडणारे महाभाग मी पाहिलेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. बाहेरून आलेल्या मशीनला सीडीएससीओचं, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण खात्याचं, एमडी-१५ आयात लायसन्स लागतं. त्यावरचं मॉडेल आणि वापराचा उद्देश स्वतः वाचा. 'त्वचेसाठी' असं लिहिलेलं मशीन 'मधुमेही पायासाठी' म्हणून विकलेलं मी बघितलंय. विकणाऱ्याकडे एमडी-४२ ची नोंदणी किंवा औषधविक्रीचं लायसन्स हवं. इन्शुरन्समध्ये कुठल्या हेडखाली बिल पास होईल, हे सेल्सवाल्याला नव्हे, तुमच्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्यांना, विचारा.

मध्येच एकदा इंजिनिअरिंगचा एक मुलगा दुकानात आला होता. काचेची नळी, ट्रान्सफॉर्मर, पुढे दीड सेंटिमीटर सुंदर ज्योत. "ताई, आपणच बनवूया की, बाहेरचं पाव किमतीत." मी त्याला म्हटलं, बाळा, ज्योत एका संध्याकाळचं काम आहे. शेजारचा मॉनिटर बंद न पडू देणं, पेशंटमधून वीज न जाऊ देणं, आणि हजारावं मशीन पहिल्यासारखंच निघणं, हे काही वर्षांचं काम. तरी त्याला हाकलला नाही. पुण्यात पाषाणला व्हेंचर सेंटर हे नव्या उद्योगांना हात देणारं केंद्र आहे, तिथून बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या बिग योजनेला अर्ज करता येतो, ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. प्लाझ्माचं खरं ज्ञान हवं तर गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि तिचं उद्योगांसाठीचं केंद्र. चाचणीपुरतं बनवायलासुद्धा एमडी-१३ लायसन्स लागतं, हे ऐकून त्याचा चेहरा पडला. पण माणसाला लावण्याआधी कळलं हे बरं झालं.

आणि सगळ्यात आधी करायची गोष्ट, जी सरांना मी सगळ्यात शेवटी सांगितली: मशीन यायच्या दोन महिने आधी जखमा मोजायला सुरुवात करा. जखमेवर निर्जंतुक फिल्म, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची शीट ठेवून मार्करने जखमेची कडा उतरवायची, मग आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचे. आठवड्यातून एकदा. तुमच्या हातच्या नेहमीच्या ड्रेसिंगनं जखम किती दिवसांत किती आकसते, हे आकडे नसतील तर मशीननं काय केलं ते सांगायला फक्त सेल्सवाला उरतो. सरांनी मनावर घेतलं, सिस्टरकडून सगळं उतरवून घेतलं. दीड महिन्यानं मी फाइल उघडली तर एका पेशंटच्या दोन्ही पायांना जखमा, आणि आठ शीटवर कुठंही डावा-उजवा लिहिलेलं नाही. तारीख, पाय, आणि बोटांची बाजू कुठली, एवढं प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात आधी लिहायचं, मग मार्कर जखमेकडे न्यायचा.