डावीकडे ताठ होणारा घोडा कसा मोकळा करावा

घोडा उजवीकडे अलगद वळतो आणि डावीकडे वळायची वेळ आली की फळीसारखा ताठ होतो. डाव्या लगामावर असा भार टाकतो की अर्ध्या तासात स्वाराचा खांदा भरून येतो. मग स्वार डावा लगाम आणखी ओढतो. मी एका घोडीबरोबर चार महिने हेच केलं. घोडी होती तशीच राहिली, माझा डावा दंड तेवढा कमावला गेला.

घोळ इथे आहे की ताठ दिसणारी बाजू बहुतेक वेळा मूळ दोषी नसतेच. माणूस डावरा किंवा उजवा असतो तसा जवळपास प्रत्येक घोडा जन्मतः एका बाजूला कललेला असतो. वरच्या घोड्याची उजवी बाजू आखूड आहे. तिकडचे स्नायू आखडलेले, मागचा उजवा पाय पोटाखाली न येता बाहेर पडणारा आणि अंगाचा भार डाव्या खांद्यावर. त्याला डावीकडे वळायचं तर उजवी बाजू लांब व्हायला हवी, आणि ती तर होत नाही. एका बाजूची शिवण आटलेला सदरा जसा दुसऱ्या बाजूला खेचला तरी नीट बसत नाही, तसंच हे. म्हणून इलाज डाव्या लगामात नाही, उजवी बाजू ताणण्यात आहे. पुढे सगळीकडे मी ‘उजवी आखूड, डावी ताठ’ असाच घोडा धरला आहे; तुमचा उलटा असेल तर बाजू बदलून वाचा.

आधी दुखणं नाही ना, ते पाहा

कालपर्यंत ठीक असलेला घोडा आज अचानक एका बाजूला वळेनासा झाला, तर ती शिकवण्याची बाब नाही. डॉक्टर बोलवा. कडक, सपाट जमिनीवर कुणाला तरी तो सरळ रेषेत दुडकी (चालीपेक्षा जलद, दौडीपेक्षा हळू) पळवायला सांगा. पुढचा एखादा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. दात वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावेत, कारण वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होतात आणि गाल किंवा जीभ सोलवटतात. खोगीर उतरवल्यावर घामाचे डाग पाहा. सगळी पाठ ओली आणि एकाच बाजूला कोरडा पट्टा, असं दिसलं तर तिथे खोगीर दाबत असण्याची शक्यता आहे. नाल ठोकून बरेच आठवडे झाले असतील तर नालबंदालाही विचारा.

मग बाजू ओळखा

मैदानातली वाळू नुकतीच फावड्याने सारखी केलेली असली तर फार सोपं आहे. सैल लगामावर घोडा चालवत सरळ रेषेत न्या, उतरा आणि ठसे बघा. मागच्या खुरांचे ठसे पुढच्यांच्या रेषेतच पडले पाहिजेत. आखूड बाजूचा मागचा ठसा थोडा बाहेर सरकलेला दिसतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चार महिन्यांची सगळी कुस्ती त्या वाळूत लिहिलेली होती.

गोलावर खूण वेगळी असते. डावीकडे फिरताना घोडा आत पडतो, गोल आपोआप लहान होतो. उजवीकडे फिरताना मान भरपूर वळते पण डावा खांदा बाहेर निसटतो आणि गोल फुगतो. वळलेली मान पाहून फसू नका. घोड्याला साधारण 18 जोड्या बरगड्या असतात आणि त्या जिथे जोडलेल्या आहेत तिथला कणा आडवा फारच कमी वाकतो. उलट मान कुठेही वळते. त्यामुळे नुसती मान वळली म्हणजे घोडा वळला असं होत नाही.

आता स्वतःकडे

हे कुणालाच आवडत नाही. मित्राला मागून व्हिडिओ काढायला सांगा. खोगीर एका बाजूला सरकलंय का, तुमचा एक खांदा खाली आहे का, एक टाच वर चढली आहे का, हे त्यात दिसतं. रिकिबीचे (पाय अडकवायच्या कड्यांचे) पट्टे काढून शेजारी शेजारी लोंबते धरा. बहुतेक जण डावीकडूनच चढतात, त्यामुळे डावा पट्टा ताणून लांब झालेला असतो आणि भोकं मात्र सारखीच मोजली जातात. पट्टे अधूनमधून आपसात बदला आणि शक्यतो ठोकळ्यावरून चढा. घोड्याच्या पाठीलाही ते बरं.

काम सुरू करताना

पहिली दहा मिनिटं लांब लगामावर नुसतं चालणं. थंड स्नायू ताणायला गेलात तर घोडा विरोधच करणार, आणि तो बरोबरच असणार. दुडकीच्या ठेक्यावर खोगिरात उठबस करताना आणखी एक गंमत तपासा. घोड्याचा बाहेरचा, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूचा, पुढचा पाय पुढे जाताना उठायचं, आणि दिशा बदलली की एक ठेका जास्त बसून पाय बदलायचा, हा नियम. ताठ घोडा तुम्हाला हळूच नेहमी एकाच पायावर नेऊन बसवतो. तिथे सोयीचं वाटतं, म्हणून लक्षातच येत नाही.

डावीकडचा गोल: खरं काम इथे

20 मीटर व्यासाचा गोल घ्या आणि त्यावर चार खुणा ठेवा, म्हणजे गोल खरंच गोल आहे की बटाटा, ते कळेल. आधी चालीत करा, दुडकी नंतर.

डावी पोटरी तंगापाशी, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटपट्ट्यापाशी. ती घोड्याच्या बरगड्या बाहेर, उजव्या लगामाकडे ढकलते. उजवा लगाम स्थिर आणि जिवंत, पण ओढलेला नाही. घोडा आजवर तिकडचा लगाम घेतच नव्हता, तो रिकामा लोंबायचा. आता त्याने तो हळूहळू ताणून घ्यायचा आहे. डावा लगाम घोड्याच्या डाव्या डोळ्याचा कोपरा दिसेल एवढंच विचारतो आणि लगेच ढिला होतो. विचारायचं, सोडायचं, पुन्हा विचारायचं. धरून ठेवलात तर घोड्याला टेकायला भिंत मिळते, आणि दिलेल्या भिंतीवर तो टेकणारच.

माझ्या शिक्षकांनी मला डावा लगाम फक्त अंगठा आणि तर्जनीत धरायला लावला, चिठ्ठी धरावी तसा. ओढताच येईना. पहिले दोन फेरे घोडी आत पडत राहिली, मी पोटरीने तिला बाहेर ठेवत राहिले. तिसऱ्या फेऱ्याच्या अर्ध्यात उजव्या हातात पहिल्यांदाच वजन आलं, तिने मान खाली लांब केली आणि नाकातून जोरात फुरफुरली. चार पावलं टिकलं असेल. शिक्षक म्हणाले, “सोडा, लगाम लांब करा.” मला तर आत्ता कुठे रंग चढत होता! पण तेच बरोबर होतं, चांगल्या पावलांचं बक्षीस लगेच मिळायला हवं.

हे जमू लागलं की गोल 20 वरून 15 मीटरवर आणा आणि आतल्या पोटरीने पुन्हा बाहेर ढकला. बाहेर जाताना घोडा उजव्या लगामात आपोआप येतो. मला वाटतं, एकच व्यायाम करायचा असेल तर हा.

उजवीकडचा गोल

इकडे मोह उलटा असतो, कारण घोडा छान वळल्यासारखा वाटतो. मान कमी वळवा, जवळजवळ सरळच ठेवा. डावा लगाम आणि डावी मांडी खांदा धरून ठेवतील, उजवी पोटरी मागच्या उजव्या पायाला पोटाखाली बोलावेल. दिसायला मामुली, करायला अवघड.

बाजू बदलत राहा

तीन वळणांची नागमोडी रेघ, आठचा आकडा. दोन वळणांच्या मधली दोन-तीन पावलं अगदी सरळ हवीत, कारण चोरी तिथेच होते. जमिनीवर ठेवलेले बांबूही उपयोगी पडतात. दुडकीसाठी अंतर साधारण 1.2 ते 1.4 मीटर, घोड्याच्या पावलाप्रमाणे कमीजास्त.

खांदे पुठ्ठ्यांच्या पुढे आणा

घोड्याचे खांदे पुठ्ठ्यांपेक्षा, म्हणजे मागच्या भागापेक्षा, अरुंद असतात. भिंतीला खांदा आणि पुठ्ठा दोन्ही सारखे चिकटवून चालणारा घोडा म्हणजे तिरका घोडा. म्हणून खांदे किंचित आत घ्या, इतके की मागचा आतला पाय पुढच्या दोन पायांच्या मधोमध पडेल. पुठ्ठे ढकलून खांद्यांच्या मागे लावायला जाऊ नका, त्याने तो दुसरीकडे तिरका होतो.

काही आठवड्यांनी ‘शोल्डर-इन’ घ्या. फ्रान्सचे अश्वारोहण शिक्षक ला गेरीनिएर यांनी 18व्या शतकात सरळ भिंतीलगत रूढ केलेला हा व्यायाम. खांदे भिंतीपासून सुमारे 30 अंश आत, समोरून पाहिलं तर पावलांच्या तीन रेषा. उजवीकडचा शोल्डर-इन तुमच्या घोड्याला जड जाईल, कारण चुकार उजव्या पायाला त्यात भार घ्यावाच लागतो. आठ-दहा पावलं घ्या आणि सरळ पुढे दुडकी सोडा. वेग मेला तर कोन जास्त झाला, असं समजा.

किती आणि कधी

सोप्या बाजूने सुरुवात, सोप्या बाजूनेच शेवट. अवघड बाजूला जास्त वेळ नको, जास्त वेळा जा. दोन-तीन मिनिटं, मग बदल. लांब दोरीवर गोल फिरवत असाल तर तेही पंधरा-वीस मिनिटांत आटोपा, लहान गोलाचा सांध्यांवर ताण येतो. आठवड्यातून दोन दिवस मैदान सोडून चढउताराच्या वाटेने न्या. तबेल्यातून नेताना कधी उजवीकडूनही चाला.

दर पंधरा दिवसांनी वाळू सारखी करून त्याच रेषेवरून चालवा आणि ठशांचा फोटो काढून ठेवा. पाठीवर बसून वाटतं त्यापेक्षा तो फोटो कमी खोटं बोलतो. सहा-आठ आठवडे रोजचं काम होऊनही मागचा ठसा जागचा हलला नसेल, तर व्यायाम वाढवू नका. पहिल्या पायरीवर परत जा आणि डॉक्टरांना या वेळी पाठ आणि मागचे पायही नीट तपासायला सांगा.