गाभण गाय आणि नवजात वासरू : खनिजांच्या बाबतीत या चुका टाळा

वासरू जन्मल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी हगवणीने आडवे पडले की आपण औषधासाठी धावतो. परंतु त्या वासराची दुर्बलता बहुतेक वेळा गाय सातव्या महिन्यात असतानाच, तिच्या गव्हाणीत सुरू झालेली असते. गर्भाची सुमारे दोन तृतीयांश वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते आणि याच काळात गर्भ आपल्या यकृतात तांब्याचा साठा करून ठेवतो. पुढे दूध पिताना त्याला तांबे आणि लोह फारच थोडे मिळते, म्हणून पहिले काही आठवडे वासरू आईने पोटात दिलेल्या शिदोरीवरच जगत असते. ही शिदोरी अपुरी पडण्याची कारणे आपल्याकडच्या गोठ्यांत वर्षानुवर्षे तीच आहेत.

भाकड गाईला नुसता कडबा

दूध आटले की पेंड बंद आणि समोर कडबा, हा आपल्याकडचा सर्रास नियम आहे. दूध देत नाही तर तिच्यावर खर्च कशाला, असा त्यामागचा हिशोब असतो. ज्वारीचा कडबा पोट भरतो, पण त्यात स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त कमी असते, आणि गंजीत महिनोन्‌महिने वाळलेल्या कडब्यात अ जीवनसत्त्वासाठी लागणारे कॅरोटीन जवळजवळ उरत नाही. उन्हाळ्यात हिरवा चारा संपलेल्या गोठ्यात अशक्त वासरे जन्मण्यामागे हे एक मोठे कारण आहे. गाय दावणीला बांधलेली असताना गोणपाट, चप्पल किंवा उकिरड्यावरचे हाड चघळू लागली, भिंतीची माती चाटू लागली, तर ती खोड समजून तोंडाला मुसके बांधू नये. ते बहुधा स्फुरदाच्या कमतरतेचे लक्षण असते.

उपाय महागडा नाही. मोठ्या गाईला दररोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण, गव्हाच्या कोंड्यात किंवा सरकी पेंडीत कालवून द्यावे. मिश्रण अंदाजाने ‘चिमूटभर’ घालून चालत नाही. एका गोठ्यात मी घरातला छोटा वजनकाटा मागवून मालकाची रोजची ‘चिमूट’ मोजली, तेव्हा ती जेमतेम १५ ग्रॅम भरली. तो गृहस्थ गाईला वर्षभर नियमाने खनिजे देत होता आणि तरीही व्याल्यावर वार (गर्भाभोवतीचे वेष्टन) अडकण्याची तक्रार करत होता. डब्यातल्या चमच्याने एकदा वजन करून खूण करून ठेवली की पुढे चूक होत नाही. साधे मीठ म्हणजे खनिज मिश्रण नव्हे, आणि गव्हाणीत टांगलेली चाटण वीट ही जोड असते. गाय ती किती चाटेल याची खात्री नसल्याने तिच्यावर विसंबू नये. पावसाळ्यात पिशवी उघडी राहून ओल धरली, तर मिश्रणातील जीवनसत्त्वांचा गुण उतरतो.

जस्त, तांबे, मँगनीज आणि सेलेनियम यांची गरज ग्रॅममध्ये नव्हे, मिलिग्रॅममध्ये असते. मात्र जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम यांच्याशिवाय नीट चालत नाही. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडले की वार अडकणे, गर्भाशयाचा दाह आणि कासदाह यांचा धोका वाढतो. पण म्हणून सेलेनियमचे इंजेक्शन दुकानातून आणून स्वतःच्या हाताने टोचणे ही उलट्या बाजूची घोडचूक ठरते. उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असल्याने ते पशुवैद्यकाकडूनच द्यावे. गाईच्या मिश्रणातले तांबे मेंढ्यांना विषारी ठरू शकते, त्यामुळे एकाच वाड्यात दोन्ही जनावरे असतील तर भांडी वेगळी ठेवावीत.

विण्याआधी कॅल्शियमचा मारा

लातूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांत गाळप हंगामात उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) सहज मिळतात आणि महिनोन्‌महिने तोच चारा होतो. वाढ्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, त्यामुळे खाल्लेले कॅल्शियमही अंगी लागत नाही. ही गोष्ट ऐकलेला शेतकरी मग शेवटच्या महिन्यात पातळ कॅल्शियमच्या बाटल्या सुरू करतो, आणि संकरित, जास्त दुधाच्या गाईत हाच उपाय अंगाशी येतो. रक्तातील कॅल्शियम कमी होऊ लागले की हाडांतून ते काढून घेण्याची यंत्रणा शरीरात आपोआप जागी होते. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळाले, तर ती निजून राहते. गाईच्या रक्तरसात एका वेळी सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम असते, तर एक लिटर चिकातून (व्याल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून) जवळजवळ २ ग्रॅम बाहेर पडते. पहिल्याच दिवशी आठ-दहा लिटर चीक निघाला, की ती गाय कान गार पडून, मान कुशीकडे वळवून बसते. हा मिल्क फीवर होय.

त्यामुळे वाढ्याचा निम्मा भाग काढून कडब्याची कुट्टी किंवा तुरीचे भुसकट द्यावे, मिश्रण चालू ठेवावे, शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियम जास्त असलेल्या लसूणघासाचा भारा कमी करावा आणि पातळ कॅल्शियम व्याल्याच्या दिवसापासून सुरू करावे. बसलेल्या गाईच्या घशात काहीही ओतू नये; तिला छातीवर टेकून बसती ठेवावी आणि शिरेतून कॅल्शियम देण्यासाठी तातडीने डॉक्टरांना बोलवावे. देवणी किंवा लाल कंधारीसारख्या देशी गाईत हा आजार कमी दिसतो. वाढ्याचा त्रास मात्र तिलाही होतो.

वार पडेपर्यंत चीक न पाजणे

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती याची. गाईच्या वारेची रचनाच अशी असते, की आईची प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचत नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्याजवळ रोगाशी लढण्याची तयार शस्त्रे नसतात. ती त्याला फक्त चिकातून मिळतात आणि आतड्यातून ती रक्तात जाण्याचा दरवाजा पहिल्या काही तासांनंतर मिटत जाऊन २४ तासांत जवळजवळ बंद होतो. असे असूनही ‘वार पडू दे, मग पाज’ या समजुतीपायी एक वासरू पहाटेपासून दुपारपर्यंत कडब्याच्या पेंढीशी बांधलेले मी पाहिले आहे: नाक कोरडे, जीभ गार, आणि तीन हातांवर आईची तट्ट भरलेली कास. वासराच्या चोखण्याने गर्भाशय आकुंचन पावून वार पडायला उलट मदतच होते.

पहिल्या दोन तासांत वजनाच्या दहा टक्के चीक पोटात गेला पाहिजे, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. सर्वांत सकस चीक पहिल्या दोहण्यातला असतो. खरवसासाठी घ्यायचाच असेल तर वासराचे पोट भरल्यावर नंतरचा घ्यावा. वासरू चोखत नसेल तर निप्पलच्या बाटलीने पाजावे, नळकांड्याने ओतू नये, कारण तो फुप्फुसात जातो. विण्यापूर्वी ६० दिवस गाय आटवली नसेल, किंवा आधीच कासेतून चीक गळून गेला असेल, तर चिकाचा कस उतरतो. गाईने ज्या रोगांशी सामना केला आहे किंवा ज्यांची लस घेतली आहे, त्यांचीच प्रतिपिंडे चिकात उतरतात. म्हणून लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि २०२२ च्या साथीनंतर सर्वांना ठाऊक झालेल्या लंपीच्या लसीचे वेळापत्रक गाभणपणाच्या महिन्यांप्रमाणे पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे.

नाळ कापल्यावर तिला शेणाचा किंवा हळदीचा लेप न लावता टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. हगवण लागलेल्या वासराचे दूध तोडू नये. दुधाच्या मधल्या वेळेत कोमट पाण्यातून क्षार-साखरेचे द्रावण द्यावे. डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली मानेची कातडी लगेच सरळ झाली नाही किंवा वासरू उठेनासे झाले, तर वेळ न घालवता फिरत्या पशुचिकित्सा पथकाच्या १९६२ या क्रमांकावर कळवावे. गाईची वार १२ तासांत पडली नाही तर तिला वीट बांधू नये किंवा ओढू नये. त्यासाठीही डॉक्टरच हवेत.