कोशिंबिरीला पाणी सुटायचं, ते असं थांबवलं

चंपाषष्ठीला आमच्याकडे जळगावला सगळे जमतात, बामणोदच्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, अन् मुळा-गाजर-डाळिंबाची कोशिंबीर माझ्याकडे. दरवर्षी पंगत बसेपर्यंत तिचं नुसतं पाणी व्हायचं, मागच्या वेळी तर मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, ताक केलंय का गं! चूक मिठाची होती, आधी घातलं की ते भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. यंदा किसलेल्या मुळ्याला थोडं मीठ लावून 15 मिनिटं ठेवलं, घट्ट पिळलं (ते पाणी फेकू नका, भाकरीच्या पिठात चालतं), मग गाजर, कांद्याची पात, डाळिंब घातलं आणि दाण्याचं कूट, लिंबू, हिंग-मिरचीची फोडणी एकदम वाढतानाच. कूट जाडसरच ठेवा, बारीक झालं की चिखल. पोरांनी दोनदा मागून घेतली.